सभागृहाच्या बुकिंगवरून शिकू: डेटाबेसमध्ये स्वतःचे एरर मेसेज कसे तयार करायचे

“डुप्लिकेट की व्हॅल्यू व्हायोलेट्स युनिक कन्स्ट्रेंट.” मुंजीची तारीख पक्की करायला आलेलं कुटुंब काउंटरपाशी उभं आहे आणि पावती फाडायला बसलेल्या काकूंच्या स्क्रीनवर हे वाक्य उमटलंय. काकू म्हणतात, “मशीन बिघडलंय वाटतं, संध्याकाळी चक्कर मारा.” मशीन ठणठणीत आहे. त्या दिवशी सकाळी सभागृह आधीच कुणाला तरी दिलेलं आहे, एवढंच. डेटाबेसने चुकीची नोंद अडवली, हे त्याचं काम त्याने चोख केलं. पण ज्या भाषेत सांगितलं ती समजणारा माणूस काउंटरवर नसतो, तो सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या घरी असतो.

या लेखासाठी इंदूरमधलं एक काल्पनिक मराठी मंडळ धरू. जागा राजवाड्याच्या जवळपास. एक मोठं सभागृह, एक लहान खोली आणि एक गच्ची भाड्याने देतात. साखरपुडे, मुंजी, दिवाळी पहाट, गणेशोत्सवातले कार्यक्रम असं वर्षभर चालू असतं. काउंटरवर कधी मराठी वाचणाऱ्या काकू असतात, तर कधी हिंदीच वाचणारा मुलगा. इंदुरात हे दोघं एकाच खुर्चीवर आलटून पालटून बसणारच, आणि पुढे हा मुद्दा महत्त्वाचा ठरणार आहे.

डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घेतला आहे. मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल यांच्यात काय वेगळं आहे ते शेवटी येईल. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या मूळ इंग्रजी स्पेलिंगनेच आणि इंग्रजी अंकांनीच करायच्या. टेबलांची नावं मात्र मराठीच ठेवली आहेत. पोस्टग्रेसला ती अवतरणचिन्हांशिवायही चालतात, फक्त नावाची मर्यादा ६३ बाइटची असते आणि देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं. मात्रा वेगळी मोजली जाते, म्हणजे जेमतेम २१ चिन्हं. लांबलचक नावांची हौस असेल तर रोमनच बरी.

पायरी १: कुणाला काय कळायला हवं ते ठरवा

एकाच एररचे वाचक तीन असतात. काउंटरवरच्या माणसाला कळायला हवं की काम का अडलं आणि आता काय करायचं. ॲप्लिकेशनला एक न बदलणारा कोड हवा, कारण त्यावरून ते कुठला डबा लाल करायचा हे ठरवतं. आणि लॉग चाळणाऱ्या प्रोग्रामरला कुठल्या नियमाने अडवलं ते हवं.

पोस्टग्रेसच्या एररमध्ये या तिघांसाठी वेगवेगळे कप्पे आधीपासून आहेत: मेसेज, डिटेल, हिंट आणि पाच अक्षरांचा एसक्यूएलस्टेट कोड. शिवाय टेबल, कॉलम आणि कन्स्ट्रेंट (टेबलावर लावलेला नियम) यांची नावंही स्वतंत्रपणे देता येतात. बहुतेक लोक सगळं मेसेजमध्येच कोंबतात आणि मग ॲप्लिकेशनमध्ये “मेसेजमध्ये ‘आरक्षित’ हा शब्द आहे का” असं शोधत बसतात. पुढे कुणीतरी शुद्धलेखन सुधारतं आणि ॲप बंद पडतं. ॲपने कोड वाचायचा, माणसाने वाक्य वाचायचं. या दोघांची सरमिसळ केली नाही तर निम्मं काम इथेच झालं.

पायरी २: आधी नियम, मग मेसेज

स्वतःचा मेसेज देता यावा म्हणून कन्स्ट्रेंट काढून टाकायचं आणि त्याजागी ट्रिगरमध्ये (नोंद टाकताना आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये) “आधी सिलेक्ट करून बघ, नोंद असेल तर एरर दे” असं लिहायचं, हा मोह अनेकांना होतो. तो टाळा. दोन काउंटरवरून एकाच क्षणी दोन बुकिंग आली, तर दोन्ही सिलेक्टना जागा मोकळीच दिसते, कारण समोरच्याचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) अजून कमिट, म्हणजे पक्का, झालेला नसतो. मग दोन्ही नोंदी आत जातात आणि त्या सकाळी दोन मुंजी एकाच मांडवात.

तेव्हा अडवण्याचं काम कन्स्ट्रेंटकडेच राहू द्या. वेळा एकमेकींवर येऊ नयेत यासाठी साधं युनिक पुरत नाही. पोस्टग्रेसमध्ये त्यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट आहे:

क्रिएट एक्स्टेंशन बीट्री_जिस्ट;
ऑल्टर टेबल बुकिंग ॲड कन्स्ट्रेंट एक_जागा_एक_वेळ
  एक्सक्लूड युझिंग जिस्ट (जागा_क्र विथ =, अवधी विथ &&);

अर्थ असा: जागा तीच आणि अवधी एकमेकांत अडकलेले, अशा दोन ओळी टेबलात राहू शकत नाहीत. ‘अवधी’ हा रेंज प्रकारचा कॉलम आहे. त्याची सुरुवात बंद आणि शेवट उघडा ठेवा, म्हणजे चौकोनी कंसाने सुरू होऊन गोल कंसाने संपणारा. तसं केलं की दुपारी २ ला संपणारा साखरपुडा आणि २ ला सुरू होणारी सभा यांची टक्कर होत नाही.

कन्स्ट्रेंटला नाव स्वतः द्या. दिलं नाही तर पोस्टग्रेस टेबल आणि कॉलम जोडून स्वतःच एक नाव बनवतो, आणि पुढे त्या नावावर काही अवलंबून ठेवणं अवघड होतं.

पायरी ३: कोडची पद्धत

स्वतःची एरर देण्याची पोस्टग्रेसची कमांड म्हणजे रेझ एक्सेप्शन. काहीच दिलं नाही तर तिचा कोड ‘पी०००१’ असतो. सगळ्या एररना तोच कोड म्हणजे कोड नसल्यातच जमा. एसक्यूएलस्टेटच्या पाच जागांमध्ये फक्त अंक आणि इंग्रजी मोठी अक्षरं चालतात. पहिल्या दोन जागा म्हणजे वर्ग. एसक्यूएल मानकाने ० ते ४ आणि ए ते एच यांनी सुरू होणारे वर्ग स्वतःकडे राखून ठेवले आहेत, म्हणून आपला वर्ग आय ते झेड यांपैकी एखाद्या अक्षराने सुरू करावा. ‘पी०’ आणि ‘एक्सएक्स’ पोस्टग्रेस स्वतः वापरतो, ते सोडा. शेवटी तीन शून्यं येतील असा कोड वर्गाचं नाव समजला जातो, तोही नको.

आपल्या मंडळासाठी ‘एमएम’ घेऊ. १०१ ते १९९ वेळ आणि जागा यांसाठी, २०१ पासून पुढे सभासदत्व आणि पैसे. एमएम१०१ म्हणजे जागा आधीच आरक्षित, एमएम१०२ म्हणजे मंडळाने ती वेळ बंद ठेवलेली, एमएम२०१ म्हणजे सभासदाची मागची थकबाकी. एकदा दिलेला कोड दुसऱ्या अर्थाने कधीच वापरू नका. नियम रद्द झाला तर कोडही निवृत्त.

पायरी ४: पहिला मेसेज

कन्स्ट्रेंटमध्ये बसणार नाही असा नियम घेऊ. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, त्या दुपारपर्यंत त्या भागात गाडी घालायची सोय नसते. समितीने ठरवलं की त्या वेळेचं बुकिंग घ्यायचं नाही. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून ती कोडमध्ये न लिहिता ‘बंद_वेळा’ या टेबलात अवधी आणि कारण असे दोन कॉलम ठेवले. बुकिंग टेबलावरच्या ‘बिफोर इन्सर्ट ऑर अपडेट’ ट्रिगरचा गाभा असा:

सिलेक्ट कारण इन्टू व_कारण फ्रॉम बंद_वेळा
  व्हेअर अवधी && न्यू.अवधी लिमिट १;
इफ फाउंड देन
  रेझ एक्सेप्शन 'या वेळेत बुकिंग बंद आहे. कारण: %', व_कारण
    युझिंग एररकोड = 'एमएम१०२',
          हिंट = 'दुसरी वेळ निवडा किंवा सचिवांशी बोला.';
एंड इफ;
रिटर्न न्यू;

टक्क्याच्या जागी मूल्य बसतं. सी भाषेसारखे एस, डी असे प्रकार इथे नाहीत, नुसता टक्का. टक्क्यांची संख्या आणि मूल्यांची संख्या जुळली नाही तर फंक्शन तयार करतानाच तक्रार येते. वाक्यात खरोखरचा टक्का हवा असेल (“५०% आगाऊ रक्कम”) तर तो दोनदा लिहायचा. रेझच्या पुढचं वाक्य मात्र साधी स्ट्रिंगच असावी लागते, तिथे तुकडे जोडता येत नाहीत. जोडायचे असतील तर वाक्य युझिंगमध्ये ‘मेसेज =’ म्हणून द्यावं.

पायरी ५: कन्स्ट्रेंटची एरर आपल्या भाषेत

आता काकूंची मूळ अडचण. नोंद टाकणाऱ्या फंक्शनमध्ये एक्सेप्शन ब्लॉक ठेवून डेटाबेसची एरर पकडायची आणि आपली करून पुढे पाठवायची:

बिगिन
  इन्सर्ट इन्टू बुकिंग (जागा_क्र, अवधी, सभासद_क्र)
    व्हॅल्यूज (प_जागा, प_अवधी, प_सभासद);
एक्सेप्शन व्हेन एक्सक्लूजन_व्हायोलेशन देन
  गेट स्टॅक्ड डायग्नॉस्टिक्स व_नियम = कन्स्ट्रेंट_नेम;
  इफ व_नियम = 'एक_जागा_एक_वेळ' देन
    रेझ एक्सेप्शन 'ही वेळ आधीच आरक्षित आहे. जागा: %', प_जागा_नाव
      युझिंग एररकोड = 'एमएम१०१', कन्स्ट्रेंट = व_नियम;
  एंड इफ;
  रेझ;
एंड;

शेवटचा एकटा ‘रेझ’ विसरू नका. ओळखीचा नियम नसेल तर मूळ एरर जशीच्या तशी वर जायला हवी. तो नसेल तर एरर तिथेच जिरते, नोंद होत नाही आणि कुणाला पत्ताही लागत नाही. त्याच कारणासाठी ‘व्हेन अदर्स’ लिहून सगळ्यांना एकच गुळमुळीत वाक्य देणं मला अजिबात पटत नाही. जी एरर ओळखता त्याच पकडा. युनिकची एरर २३५०५ या कोडने येते, फॉरेन कीची २३५०३, चेकची २३५१४, नॉट नलची २३५०२ आणि वरच्या एक्सक्लूजनची ‘२३पी०१’.

एक्सेप्शन ब्लॉक फुकट मिळत नाही. प्रत्येक वेळी आत उपव्यवहार सुरू होतो. काउंटरवरच्या एकेका बुकिंगला तो जाणवणार नाही, पण जुन्या वहीतल्या हजारो नोंदी लूपमध्ये भरताना प्रत्येक ओळीला असा ब्लॉक लावू नका.

मूळ एररचा डिटेल स्क्रीनवर दाखवू नका. चेक किंवा नॉट नल मोडलं की पोस्टग्रेस डिटेलमध्ये अडलेली संपूर्ण ओळ छापतो, म्हणजे फोन नंबर, पत्ता, रक्कम, सगळं. तसंच “जागा आरक्षित आहे” एवढं पुरे. ती कुणाच्या नावाने आहे, हे काउंटरपलीकडच्या माणसाला कळायचं कारण नाही, मग तो कितीही ओळखीचा का असेना. (आपल्याकडे “कुणाचं लग्न आहे हो?” हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.)

पायरी ६: मराठी, हिंदी आणि विभक्तीचा घोळ

वाक्यं फंक्शनमध्ये लिहिली तर प्रत्येक सुधारणेसाठी फंक्शन बदलावं लागतं आणि दुसरी भाषा आणताच येत नाही. म्हणून ‘संदेश’ नावाचं टेबल करा: कोड, भाषा, मजकूर, उपाय. कोड आणि भाषा मिळून प्रायमरी की. मजकूर आणि उपाय दोन्ही नॉट नल. आणि सगळ्यांसाठी एकच फंक्शन:

क्रिएट फंक्शन थांबव(प_कोड टेक्स्ट, व्हॅरिॲडिक प_मूल्ये टेक्स्ट[])

हे फंक्शन चालू भाषेतली ओळ शोधतं, ती नसेल तर मराठी ओळ घेतं, ‘फॉरमॅट’ फंक्शनने मूल्यं भरतं आणि रेझ करतं. भाषा कुठून घ्यायची? ॲप्लिकेशनने जोडणी झाल्यावर ‘सेट’ने ‘मंडळ.भाषा’ असं स्वतःचं सेटिंग ठेवायचं (टाइप करताना रोमन नाव द्या) आणि फंक्शनमध्ये ‘करंट_सेटिंग’ने वाचायचं. दुसरा पॅरामीटर ‘ट्रू’ दिला की सेटिंग नसताना एरर न येता नल (मूल्यच नाही) मिळतो. पण ‘सेट लोकल’ने दिलेलं सेटिंग व्यवहार संपल्यावर नल न होता रिकामी स्ट्रिंग होऊन बसतं, म्हणून वर ‘नलइफ’चं झाकण घालाच, ते रिकाम्या स्ट्रिंगचं नल करतं.

दुसरा सापळा: रेझच्या युझिंगमध्ये कुठलंही मूल्य नल चालत नाही. कोडसाठी संदेशच सापडला नाही तर आपली एरर राहते बाजूला आणि “रेझचा पर्याय नल आहे” अशा अर्थाची भलतीच एरर येते. तेव्हा मेसेज आणि हिंट दोन्हींवर ‘कोएलेस’ (नलऐवजी पर्यायी मूल्य देणारं फंक्शन) लावा. संदेश नसेल तेव्हा निदान कोड तरी दिसेल.

मजकुरात नुसता टक्का-एस न लिहिता क्रमांक द्या: %१$एस, %२$एस. मग प्रत्येक भाषेला मूल्यं आपल्या क्रमाने मांडता येतात.

आता खरी मराठी अडचण. “% बुक झाला आहे” असं लिहिलंत तर हॉल बुक झाला, पण गच्ची? ती झाली, आणि सभागृह झालं. “%साठी वेळ शिल्लक नाही” लिहिलं की “मोठं सभागृहसाठी” असं कानाला टोचणारं काहीतरी तयार होतं, कारण मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं: मोठ्या सभागृहासाठी, लहान खोलीसाठी. डेटाबेसला व्याकरण शिकवत बसण्यापेक्षा वाक्यच असं रचा की बदलणाऱ्या शब्दाला ना प्रत्यय लागेल, ना त्याचं लिंग क्रियापदाला कळेल. “ही वेळ आधीच आरक्षित आहे. जागा: मोठं सभागृह.” इथे ‘वेळ’ कायम स्त्रीलिंगी, ‘आरक्षित’ बदलत नाही आणि जागेचं नाव अपूर्णविरामानंतर (:) सुखाने बसतं. हिंदीत ‘का, के, की’चा हाच प्रश्न येतो आणि हाच उपाय तिथेही चालतो.

अंकांचं म्हणाल तर ‘टू_चार’ इंग्रजी अंकच देतं. देवनागरी हवे असतील तर ‘ट्रान्सलेट’ फंक्शनला दहा इंग्रजी अंकांची आणि ०१२३४५६७८९ अशी स्ट्रिंग द्या, एका ओळीचं काम आहे. तारीख दिवस-महिना-वर्ष अशाच क्रमाने लिहा.

आणि शब्दांचा सूर. “तुम्ही चुकीची तारीख टाकली” यापेक्षा “ही तारीख उलटून गेली आहे” बरं. दोष देऊन काही सुधारत नाही. “कृपया पुन्हा प्रयत्न करा” हे वाक्य तर जिथे पुन्हा केल्याने खरंच काम होतं तिथेच वापरा, म्हणजे ४०००१ (व्यवहारांची टक्कर) आणि ‘४०पी०१’ (डेडलॉक) या कोडना. आरक्षित सभागृहाला दहा वेळा प्रयत्न करून काय होणार?

इतर डेटाबेसमध्ये

मायएसक्यूएलमध्ये ‘सिग्नल एसक्यूएलस्टेट '४५०००' सेट मेसेज_टेक्स्ट = ...’ ही रीत आहे, सिग्नल ५.५ आवृत्तीपासून मिळतं. मेसेज १२८ अक्षरांतच बसवावा लागतो. बरोबरीच्या चिन्हापुढे फंक्शन चालत नाही, म्हणून ‘कॉनकॅट’ आधी व्हेरिएबलमध्ये करून घ्या. मायएसक्यूएल स्वतःचा क्रमांक म्हणून १६४४ देतो. आपला वेगळा हवा असेल तर ‘मायएसक्यूएल_एररनो’ भरा. एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट इथे नाही, तेव्हा बुकिंगआधी जागेची ओळ ‘सिलेक्ट फॉर अपडेट’ने धरून ठेवायची आणि मगच टक्कर तपासायची. चेक कन्स्ट्रेंट खऱ्या अर्थाने पाळले जातात ते ८.०.१६ पासून.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये मेसेजचं टेबल आधीपासून आहे. ‘एसपी_ॲडमेसेज’ने ५०००१ किंवा त्यापुढच्या क्रमांकाचा मेसेज ठेवायचा आणि ‘रेझएरर’ने क्रमांक देऊन काढायचा. गंभीरता ११ ते १६ दरम्यान ठेवा. १० पर्यंतचा मेसेज नुसती माहिती मानला जातो आणि ‘कॅच’मध्ये सापडत नाही. दुसऱ्या भाषेतला मेसेज घालण्याआधी अमेरिकन इंग्रजीतला घालावाच लागतो, आणि भाषांच्या यादीत मराठी नाही, हिंदीही नाही. म्हणजे आपल्याला ‘संदेश’ टेबल इथेही स्वतःचंच लागणार. २०१२ पासून ‘थ्रो’ आहे. नव्या कोडमध्ये मी तोच वापरेन. त्याची गंभीरता नेहमी १६ असते आणि त्याच्या आधीचं विधान अर्धविरामाने संपवलेलं असावं लागतं. देवनागरी स्ट्रिंगपुढे मोठा इंग्रजी एन लावायला विसरलात तर वाक्याऐवजी प्रश्नचिन्हांची माळ दिसते.

ओरॅकलमध्ये ‘रेझ_ॲप्लिकेशन_एरर’ला उणे २०००० ते उणे २०९९९ मधला क्रमांक द्यायचा. मेसेजची मर्यादा २०४८ बाइट, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये देवनागरीची साधारण ६८० चिन्हं. पुरून उरतात.

पायरी ७: तपासणी

पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड टाइप करायच्या खिडकीत) चुकीची नोंद टाकून बघा आणि लगेच ‘\एररव्हर्बोज’ द्या. कोड, कन्स्ट्रेंट आणि एरर कुठून आली ते सगळं दिसतं. एमएम१०१ तपासायला दोन खिडक्या उघडा: पहिलीत बिगिन करून नोंद टाका, कमिट करू नका. दुसरीत तीच वेळ टाका. ती थांबून राहील. पहिली कमिट केली की दुसरीत आपला मेसेज यायला हवा. पहिली रोलबॅक (रद्द) केली तर दुसरी नोंद विनातक्रार जायला हवी. दोन्ही बाजू तपासा.

अडलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवायची असेल तर ती रेझच्या आधी टेबलात इन्सर्ट करून उपयोग नाही. व्यवहार मागे फिरताना ती ओळही पुसली जाते. पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये एरर आणि ती आणणारं विधान मुळातच लिहिलं जातं, किंवा ॲप्लिकेशनने नव्या व्यवहारात नोंद करावी. ओरॅकलमध्ये यासाठी ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनची सोय आहे.

आणि ‘संदेश’ टेबलाची छापील प्रत काउंटरवरच्या काकूंना आणि हिंदी वाचणाऱ्या मुलाला द्या, पेन्सिलसकट. “सचिवांशी बोला” वाचून त्या विचारतील, “सचिव दुपारी नसतात, मग कुणाशी?” ते उत्तर ‘उपाय’ कॉलममध्ये लिहायचं आहे, आणि त्यासाठी एक अपडेट पुरतो.